पुण्यात अन्नबँक कशी चालते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईत आमचा फोन थांबत नाही आणि आषाढ लागला की दिवसदिवस वाजत नाही. फोनवर लोक जे विचारतात, त्यांतले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत संपत नाही.

तुम्ही नक्की करता काय? उरलेलं जेवण वाटता, एवढंच ना?

तेवढंच दिसतं, कारण रात्री टेम्पोतून पातेली उतरताना लोक बघतात. प्रत्यक्षात कामं तीन आहेत. कार्यालयं, केटरर, कँटीन यांच्याकडचं न वाढलेलं, चांगलं अन्न उचलून त्याच दिवशी पोचवणं हे पहिलं. दुसरं कोरड्या शिध्याचं: तांदूळ, तूरडाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, मीठ-मिरची गोळा करून साठवायची आणि ज्या घरात चूल पेटू शकते तिथे द्यायची. तिसरं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचं. रेशनकार्ड नसलेल्यांचे अर्ज भरायचे, कार्डावरून उडालेली नावं परत चढवायची, दुकानात अंगठा उठत नसेल तर सोबत जाऊन बोलायचं. एका पातेल्यातल्या पुलावाने एक रात्र निघते. कार्डावर नाव चढलं तर घरात दर महिन्याला धान्य येतं.

पुण्यात कोण उपाशी राहतं? इथे तर कामाला माणसं मिळत नाहीत.

रस्त्यावर हात पसरणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न येतो. तो माणूस आहेच, पण त्याला कुणी ना कुणी काहीतरी देतं. आम्ही ज्यांच्याकडे जातो त्यांतले बहुतेक मागत नाहीत.

वारज्याच्या किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी साडेआठला जाऊन बघा. डबा आणलेला माणूस आणि न आणलेला माणूस लगेच कळतो. दहा वाजून गेले की काम मिळण्याची आशा संपते. डबा न आणलेला चहा-बिस्किटावर दिवस काढतो. ससूनच्या आवारात पेशंटला जेवण मिळतं, पण सोलापूर-साताऱ्याहून त्याच्यासोबत आलेली बायको किंवा म्हातारा बाप बाहेर चादर अंथरून आठ-आठ दिवस काढतात. गावाहून आणलेल्या भाकऱ्या दोन दिवस पुरतात. पुढचे पैसे औषधाला राखून ठेवलेले असतात.

आणि एक गट असा, की ज्याचं नाव काढलं की लोकांना आश्चर्य वाटतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली. परीक्षा पुढे गेली, घरून पैसे यायला उशीर झाला की पहिली कात्री मेसला. दोन वेळची मेस एक वेळची होते, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून तेही नाही. शेतकऱ्याचा मुलगा आहे, घरी धान्याची पोती आहेत आणि हा इथे अभ्यासिकेत वडापाववर आहे. तो कधीही रांगेत उभा राहणार नाही. त्याच्यासाठी मेसवाल्यांशी बोलून, कुणाला कळू न देता जेवणाची कुपनं भरावी लागतात.

घरातली भूक तर अजून झाकलेली. डाळीत पाणी वाढतं, दूध बंद होतं, बाई शेवटी जेवते आणि उरलं नाही तर ‘मला भूकच नव्हती’ म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश आढळली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. हे आकडे केवळ मेळघाटचे नाहीत, अख्ख्या राज्याचे आहेत.

सरकार फुकट धान्य देतं. मग तुमची गरज काय?

देतं, आणि ते बंद पडलं तर आमच्यासारख्या शंभर संस्था मिळूनही ती जागा भरू शकणार नाहीत, हे आधी कबूल करू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातल्या, कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळतं. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये असा दर होता, जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोक या कायद्याखाली येतात.

अडचण कुठे होते ते सांगतो. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये अशी ठरली होती. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. आज धुण्याभांड्याची तीन घरं करणारी बाई त्याच्या वर जाते. त्यात राज्याला मिळालेला लाभार्थ्यांचा कोटा जुन्या जनगणनेवर बेतलेला, २०११ च्या. मधल्या काळात पुणे किती वाढलं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कोटा भरलेला असला की पात्र माणसालाही ‘थांबा’ असंच उत्तर मिळतं. केशरी कार्ड हातात आहे पण त्यावर धान्य नाही, अशी घरं आमच्या यादीत सर्वांत जास्त आहेत.

मग अंगठा. सिमेंट कालवून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात आणि दुकानातलं ई-पॉस यंत्र त्यांना ओळखत नाही. म्हाताऱ्यांचं तेच. केवायसी राहिली म्हणून नाव गळालं, सून आली तिचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलं, मूल झालं त्याचं आधार काढलं नाही. अशी कारणं ऐकायला किरकोळ वाटतात, पण प्रत्येकामागे दरमहा पाच किलो धान्य जातं.

परगावचं कार्ड पुण्यात चालतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांपासून झाली त्यांत महाराष्ट्र होता. बीड-नांदेडहून आलेल्याने किंवा बिहारहून आलेल्यानेही इथल्या दुकानात आपला कोटा उचलायला हरकत नाही. ही गोष्ट बांधकामावरच्या कित्येक कुटुंबांना अजून माहीतच नसते. त्यामुळे आमचे कार्यकर्ते लेबर कँपवर गेले की जेवण वाढण्याआधी तेवढं सांगतात.

शेवटचं, म्हणजे धान्य मिळालं तरी ते तांदूळ-गहूच असतं. डाळ, तेल, गॅस बाजारभावानेच. सणाला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल असं २०२२ च्या दिवाळीपासून काही वेळा मिळालं, पण तो सणापुरता. म्हणून आमच्या पिशवीत तांदूळ कमी आणि तूरडाळ, तेल, शेंगदाणे जास्त असतात. पिशवी हातात घेतल्यावर ‘एवढाच तांदूळ?’ असं देणाऱ्याला वाटतं. घेणारीला वाटत नाही.

शिवभोजन थाळी आहे की दहा रुपयांत.

चांगली योजना आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि नंतर काही काळ मोफतही मिळाली. पण केंद्रं मोजकी, थाळ्यांची संख्या ठरलेली आणि वेळ दुपारची. कामावरून सातला सुटलेल्या माणसाच्या ती उपयोगाची नाही, आणि अंगणवाडीतून आलेल्या पोराला घेऊन कुणी चार किलोमीटर थाळीसाठी जात नाही. आम्ही शक्य तितकं संध्याकाळचं बघतो, ते याचसाठी.

आमच्याकडे लग्न आहे. उरलेलं जेवण घ्याल का?

घेऊ, पण ‘उरलं की कळवतो’ असं म्हणू नका. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी कळवा. आम्हाला आचाऱ्याशी बोलायचं असतं. यजमानाला त्या दिवशी स्वतःची चप्पल कुठे आहे हेही माहीत नसतं.

आचाऱ्याला आमचा प्रश्न एकच असतो: पातेलं चुलीवरून कधी उतरलं? लोक आम्हाला अन्न कधी उरलं ते सांगतात. साडेबाराचा मुहूर्त असेल तर मसालेभात दहा-साडेदहालाच तयार असतो. पंगती किंवा बुफे अडीच-तीनपर्यंत चालतो, मग आहेर, फोटो, पाठवणी. साडेचारला कुणाच्या तरी लक्षात येतं की अन्न वाया जातंय आणि फोन येतो. त्यांच्या हिशोबाने अन्न ‘आत्ताच उरलंय’. भाताच्या हिशोबाने सहा तास झालेत.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिलं तर टिकतं. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात आणि वैशाखातल्या मांडवात सगळं मधल्याच पट्ट्यात असतं. भाताचं तर खास सांगायला हवं, कारण त्याला कुणी घाबरत नाही. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे ‘गरम करून द्या ना’ हा सल्ला भाताला लागू पडत नाही. उघड्यावर चार तास गेलेलं शिजवलेलं अन्न आम्ही उचलत नाही. वास चांगला येत असला तरी.

आधी कळवलंत तर आचारी शेवटचं पातेलं मंद आचेवर झाकून ठेवतो आणि ते फोडतच नाही. न फोडलेलं पातेलं आमच्यासाठी सोनं. वाढप्याच्या काउंटरवरचं, शंभर हातांचे चमचे फिरलेलं अन्न आम्ही घेत नाही. ताटातलं तर नाहीच. उष्टं माणसाला द्यायचं नसतं, ते आपल्या आज्या सांगून गेल्यात.

काय घेता, काय घेत नाही?

पुऱ्या, चपात्या, जिलबी, बुंदी, लाडू, कोरड्या भाज्या, डाळ, वेळेत मिळाला तर भात: हे घेतो. पनीर, खवा, बासुंदी, मठ्ठा, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, मेयोनीज घातलेलं काहीही: हे नाही. श्रीखंड फ्रीजमधून थेट निघालं असेल तरच. पाणीपुरीचं पाणी घेऊन जा म्हणणारेही भेटले आहेत.

मांसाहारी चालतं का?

चालतं, पण वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या गाडीत आणि जिथे ते खातात तिथेच. श्रावणात आणि गणपतीत कुणी आणून दिलं तरी बऱ्याच वस्त्यांत नको म्हणतात. फुकट मिळतंय म्हणून कुणी आपला वार मोडावा, अशी अपेक्षा करणं गैर आहे.

घरातलं उरलेलं आणून दिलं तर?

एका घरचं डबाभर अन्न आम्ही घेत नाही. ते तपासणं, नोंदवणं शक्य होत नाही. शेजारच्या वॉचमनला गरम असतानाच द्या. त्याला विचारून.

पण घरच्या वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल एक सांगायला हवं. नासाडीचा विषय निघाला की सगळे लग्नांकडे बोट दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घरांमधून. हॉटेलं आणि समारंभ त्याच्या मागे. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. लग्नातलं डोळ्यांना दिसतं. फ्रीजच्या मागच्या कप्प्यातलं दिसत नाही.

अन्न खाऊन कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?

केटरर हे हळू आवाजात विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम काढले आणि ते जुलै २०२० पासून लागू झाले. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी केलेली असावी, अन्न योग्य तापमानात ठेवावं, कुणाकडून काय आलं आणि कुठे गेलं याची नोंद ठेवावी, असा त्याचा गाभा आहे. आमच्या वहीत प्रत्येक पातेल्याची नोंद असते: पदार्थ, उतरवल्याची वेळ, उचलल्याची वेळ, वाटल्याची वेळ, शाकाहारी की मांसाहारी. प्रत्येक पदार्थाचा एक नमुना डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवतो. वाढण्याआधी आमच्यातला एक जण तेच अन्न खातो.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण दिलं आहे. आपल्याकडे दात्याला इतकं स्पष्ट संरक्षण नाही. त्यामुळेच मोठी हॉटेलं ‘धोरण नाही’ म्हणून चांगलं अन्न कचऱ्यात घालतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कायदा स्पष्ट करून घ्यायला हवा.

पावसाळ्यात तुम्ही दिसत नाही. काम बंद असतं का?

हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं, कारण खरं दुखणं इथेच आहे.

आमच्याकडे अन्न मुहूर्ताने येतं. तुळशीची लग्नं लागली की कार्यालयं सुरू होतात. पौषात थोडी विश्रांती, मग माघ-फाल्गुन आणि वैशाख-ज्येष्ठात म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सपासून सिंहगड रस्त्यापर्यंत एका रात्रीत इतकं उरतं की आमच्या गाड्या पुरत नाहीत. ज्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात येतो त्या वर्षी सराई मधोमध तुटते. जावयांना धोंड्याचं वाण मिळतं, आमची पातेली रिकामी. आणि आषाढी एकादशीला देव झोपले की चातुर्मास: कार्तिकी एकादशीपर्यंत कार्यालयांना जवळपास कुलूप.

भुकेचं वेळापत्रक बरोबर उलटं चालतं. जून लागला की बांधकामं मंदावतात, रंगकाम थांबतं, खोदाई बंद. अड्ड्यावर उभी राहणारी माणसं तितकीच, न्यायला येणारे मुकादम निम्मे. त्याच महिन्यात शाळा सुरू होते, वह्या-दप्तर-गणवेश. भाज्या महाग. पालात, पत्र्याच्या खोलीत पाणी शिरतं, जळण ओलं होतं. आणि पोरं तापाने आजारी पडतात ती याच दिवसांत.

शहराबाहेर हेच अजून तीव्र. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आषाढ-श्रावणात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते. अंगमेहनत सगळ्यांत जास्त आणि कणगीतलं मागच्या हंगामाचं भात संपलेलं. नवं भात हाती यायला दिवाळी उजाडते. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात खावटी कर्ज देण्याची योजना राज्याने आणली ती या चार महिन्यांची उपासमार ओळखूनच. मेळघाटात बालमृत्यूंच्या बातम्याही पावसाळ्यातच वाढतात.

म्हणजे ज्या चार महिन्यांत अन्न सर्वांत जास्त लागतं, त्याच चार महिन्यांत आमच्याकडे ते सर्वांत कमी येतं. निव्वळ उरलेल्या अन्नावर चालणारी अन्नबँक पोट असलेल्यांच्या नाही, पंचांगाच्या सोयीने चालते. हे कळल्यावर कामाचा भर आम्ही कोरड्या शिध्याकडे वळवला. ज्येष्ठ संपायच्या आत डाळ-तेल-शेंगदाणे साठवायचे, आषाढापासून आश्विनापर्यंत घरटी पिशव्या द्यायच्या. शिवाय अड्ड्यांवर सकाळी पिठलं-भाकरी, आमच्याच चुलीवरची. पावसाळ्यात गाड्या दिसत नाहीत कारण त्या वेळी अन्न रात्री पातेल्यातून जात नाही, दिवसा पिशवीतून जातं.

मधले काही दिवस उलट गंमत होते. पालख्यांच्या मुक्कामाला सगळं पुणं अन्नदानाला उतरतं. त्या दोन दिवसांत वारकऱ्याला नको म्हणता म्हणता पुरेवाट होते आणि तिसऱ्या दिवशी पेठांत शांतता. गणपतीत महाप्रसाद. पितृपंधरवड्यात ‘आज दुपारी बारा वाजता पाच जणांना जेवायला घालायचंय’ असे ढीगभर फोन. सगळ्यांना बाराच हवेत, कारण आधी कावळा शिवायला हवा.

तुमच्याकडून एकच मागणं: वैशाखात चार पातेली कमी द्या, पण आषाढात एक पोतं डाळ द्या.

मुलाचा वाढदिवस आहे. त्याच्या हाताने गरीब मुलांना जेवण वाटायचंय. फोटो काढता येतील ना?

जेवण द्या, फोटो नाही. आम्ही वाटपाच्या ठिकाणी कुणाचाही चेहरा टिपू देत नाही, आमच्या कार्यकर्त्यांनाही नाही. एका वस्तीतल्या पोरीने विचारलं होतं, ‘केक त्याचा, वाढदिवस त्याचा, मग टाळ्या आम्ही का वाजवायच्या?’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मुलाला खरंच काही दाखवायचं असेल तर रविवारी सकाळी गोदामात आणा. डाळ निवडणं, पिशव्या भरणं, वजन करणं. पहिला अर्धा तास कंटाळतात, नंतर किलोचा अंदाज हाताला कळायला लागला की शर्यत लावतात.

पैसे द्यावेत की धान्य?

पैसे. घाऊक बाजारात तुमच्या शंभर रुपयांची जितकी डाळ आम्हाला मिळते तितकी तुम्हाला किराणा दुकानात मिळणार नाही. शिवाय तांदूळ सगळे देतात, तेल कुणी देत नाही, आणि गाडीच्या डिझेलचं पोतं भरून आणता येत नाही.

कराबद्दल: ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत धान्य किंवा वस्तूंच्या देणगीवर मिळत नाही. रोख दिलेत तर २,००० रुपयांपर्यंतच. त्यावरची रक्कम चेक किंवा ऑनलाइन. जुनी करप्रणाली निवडली असेल तरच हा विषय. कंपन्यांना मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत भूक आणि कुपोषणाचं निर्मूलन हा विषय अगदी वरच आहे, तेव्हा तुमच्या ऑफिसात सामाजिक दायित्वाचं काम बघणाऱ्याला आमच्याबद्दल सांगा.

मार्केट यार्डात इतका भाजीपाला फेकला जातो. तो का आणत नाही?

आणतो, पण दुरून दिसतं तितकं ते सोपं नाही. गुलटेकडीला टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी क्रेट तिथेच ओतून रिकामा जातो. भाड्याचेही पैसे सुटत नाहीत म्हणून. त्यातला निम्मा माल उत्तम असतो. पण तो एकाच दिवशी, एकाच भाजीचा, टनांनी येतो. टोमॅटो खाऊन कुणाचं पोट भरत नाही आणि पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. आम्हाला उपयोगी पडतात ते कांदा, बटाटा, भोपळा, कोबी: टिकणारे. आडत्यांशी ओळख ठेवली की पहाटे निवडीत बाजूला काढलेला, डाग पडलेला पण आतून चांगला माल मिळतो. निवडायला पहाटे माणसं लागतात. रात्रीच्या वाटपाला स्वयंसेवक रांग लावतात, पहाटे पाचला कांदे निवडायला कुणी येत नाही.

फुकट देऊन लोकांना आळशी बनवता, असं नाही वाटत?

नाही. अड्ड्यावर सकाळी भाकरी खाल्लेला माणूस दुपारी घरी जाऊन झोपत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा अड्ड्यावर उभा राहू शकतो. उपाशी माणूस वीट उचलू शकत नाही आणि मुकादम तसा माणूस निवडतही नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने काम आणि अन्न एकत्र दिलं होतं. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामांवरच सुकडी, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ, वाटली जायची. आजही गावोगावच्या म्हाताऱ्यांना ती चव आठवते. खाल्लं म्हणून त्या पिढीने काम सोडलं नाही.

ज्यांना फुकट नको असतं, त्यांचा मान मात्र ठेवायलाच हवा, आणि ते पुष्कळ असतात. पुण्याला यात शिकायला बाहेर जायची गरज नाही. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती हमाला-मजुराला परवडेल अशा दरात ताजं जेवण मिळावं म्हणून. तिथे माणूस पैसे मोजून, मान वर करून जेवतो. आमच्या अड्ड्यावरच्या चुलीजवळ म्हणूनच एक डबा ठेवलेला असतो. ज्याला द्यायचे तो पाच-दहा रुपये टाकतो. कोण टाकतं आणि कोण नाही, ते कुणी बघत नाही.

एकच माणूस दोनदा पिशवी घेऊन गेला तर?

घेऊ दे. त्याच्या घरात कदाचित दहा माणसं असतील.

आमच्या गावात असं काही नाही. सुरू करायचं तर?

प्रत्येक ठिकाणाने आपली रीत शोधली आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये एक रोटी बँक सुरू झाली. तिथल्या लोकांनी घरटी किमान दोन पोळ्या आणि भाजी ताजी आणून द्यायची, ज्याला लागेल त्याने न्यायची. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी पुढाकार घेतलेल्या रोटी बँकेला डब्बेवाल्यांची साथ मिळाली, कारण गर्दीतून वेळेत डबा पोचवणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. तुमच्या तालुक्याला कार्यालयं कमी आणि शेती जास्त असेल तर सुगीत पायली-दोन पायली धान्य गोळा करून पावसाळ्यात वाटणं हीच तुमची रीत असेल.

पहिल्या महिन्यात काहीही वाटू नका. वही घेऊन फिरा. रेशन दुकानदार, अंगणवाडी ताई, आशा ताई आणि गावातला जुना किराणावाला या चौघांना विचारा की उधारी कुणाची थकलीय, पोर कुणाचं वजनात बसत नाही, धान्य न्यायला कोण येत नाही. यादी तिथूनच तयार होते. मग अन्न व्यवसायाची नोंदणी करा, झाकणाची पातेली, तापमापक आणि वजनकाटा घ्या. गाडी शेवटी, आधी कुणाची तरी भाड्याने. आणि रेशनच्या अर्जांचे कोरे नमुने पहिल्या दिवसापासून पिशवीत ठेवा.